भट्टीवरचा लग्नाचा झगा

डॉक्टर अँब्रोज थर्टल यांना इंग्लंडातल्या नॉरफोकच्या त्या भागात सगळे पाठीमागे 'मोरी-डॉक्टर' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव त्यांना आवडायचंही. शहरातला बरा चाललेला दवाखाना सोडून त्यांनी आरोग्य अधिकाऱ्याची ही नोकरी धरली होती. तीही कायमची नव्हे, दर वर्षी तालुक्याच्या मंडळाची मर्जी असेल तर पुढे चालू. एका घोड्याची गाडी घेऊन गावोगाव हिंडायचं, विहिरींत डोकवायचं, डुकरांचा गोठा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून लांब न्यायला लावायचा, उकिरड्यावरून शेतकऱ्यांशी हुज्जत घालायची. शिव्या खायच्या आणि पुन्हा पुढच्या महिन्यात त्याच दारात उभं राहायचं. थर्टल हे सगळं मजेत करत. आपलं म्हणणं बरोबर आहे आणि आज ना उद्या हे लोक ते ऐकणार आहेत, याबद्दल त्यांना कधी शंका येत नसे.

मे संपत आला तसा ऑल्डरबी गावात स्कार्लेट ताप शिरला. आधी लोहाराच्या दोन पोरांना, मग चक्कीवाल्याच्या मुलीला. घसा सुजायचा, अंगभर लाल पुरळ उठायचं, आणि ज्या पोराचं नशीब चांगलं त्याची कातडी पुढे कित्येक दिवस कोंड्यासारखी गळत राहायची. थर्टलनी शाळा बंद करवली आणि घरोघर जाऊन मुलांचे घसे बघायला सुरुवात केली. असं करता करता ते केझाया स्पिंकच्या दारात आले.

केझाया विधवा होती. आजूबाजूच्या चार-पाच गावांत तिच्यासारखी शिवणारी दुसरी बाई नव्हती. दार उघडून ती तिथेच उंबऱ्यात उभी राहिली. तिच्यामागे खिडकीजवळच्या टेबलावर पांढऱ्या रेशमाचा ढीग पडला होता आणि त्यावर जुनी, बारीक कामाची लेस अर्धी टाचलेली होती.

"एफी कुठे आहे, केझायाबाई?" थर्टलनी विचारलं.

"मावशीकडे पाठवली, डॉक्टर. समुद्राकाठी. हवापालट म्हणून."

"बरं केलंत. कधी गेली?"

"झाले की बरेच दिवस."

थर्टलनी मान डोलावली. पण ते हलले नाहीत. टेबलावरच्या झग्याकडे बघत म्हणाले, "हा कुणाचा? मोठ्या घरचा दिसतोय."

"कटमोरसाहेबांच्या लव्हिनियाचा. शनिवारी लग्न आहे ना." केझायाचा हात आपोआप दारावर गेला. "माझं अजून सगळं खालचं काठाचं काम राहिलंय, डॉक्टर. मला जरा घाई—"

तेवढ्यात माडीवरून घोगरा, थकलेला आवाज आला. "आई, पाणी दे ना."

केझायाचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. थर्टलनी अंगरखा काढून फाटकाच्या खुंटीला अडकवला, पिशवीतला मेणकापडी डगला चढवला आणि म्हणाले, "चला, तिला पाणी देऊ या आधी."

एफी माडीवर निजलेली होती. पुरळ ओसरत आलं होतं, म्हणजे आजार आजकालचा नव्हता. घसा वाईट होता, पण नाडी चांगली होती. थर्टलनी तिला पाणी पाजलं, जीभ बघितली, कानामागे हात लावून बघितला.

"वाचेल," जिना उतरताना ते म्हणाले. "मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल. अंथरुणातून उठू द्यायचं नाही, दुधाशिवाय काही द्यायचं नाही. पण वाचेल. तुम्ही तिची निगा चांगली ठेवलीय."

हे ऐकल्यावर केझाया खुर्चीत बसली आणि एप्रनने तोंड झाकून रडायला लागली. थर्टल थांबले. रडणं ओसरल्यावर तीच बोलायला लागली. "दारावर तापाची पाटी लागली असती तर कोण माझ्याकडे कापड टाकणार होतं? या झग्यावर माझा अख्खा हिवाळा निघायचा होता. मी हात धुऊन शिवत होते हो. दर वेळी साबणाने धुवत होते."

"लव्हिनिया इथे आली होती का, मापाला?"

"सोमवारी. याच खोलीत. वर नाही गेली."

थर्टलनी झग्याकडे बघितलं. शनिवारी हा झगा चॅपलमध्ये जाणार होता. मागचा लांब घोळ धरायला दोन चिमुरड्या चुलत बहिणी असणार होत्या, आणि सगळ्या तालुक्याची पोरंबाळं पाहुणी म्हणून येणार होती. "हा घराबाहेर जायचा नाही, केझायाबाई."

"दुसरा करायला ना कापड आहे ना दिवस. आणि ती लेस तिच्या आईची आहे. गेलेल्या आईची." ती मान वर न करता म्हणाली, "मला दंड होईल ना? कायद्यात आहे म्हणतात."

"कायद्यात आहे खरं," थर्टल म्हणाले. "पण कायदा लावायचा की नाही ते मी मंडळाला सांगतो, आणि मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही आता एवढंच करा. झगा तसाच ठेवा, त्याला हात लावू नका, आणि पोरीजवळ बसा."

जोनास कटमोर मंडळाचे अध्यक्ष होते. मोठे शेतकरी, कट्टर मेथडिस्ट. दारूचा थेंब तर सोडाच, दारूचा विषयसुद्धा घरात चालत नसे. थर्टल पोचले तेव्हा ते अंगणात घोड्याचा नाल बघत होते.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी घोड्याचा पाय हळूच खाली ठेवला. आधी त्यांनी एकच विचारलं, "लव्हिनियाचं काय?"

"तिला हा ताप कधी येऊन गेलाय का?"

"सहा वर्षांची असताना. तिच्या आईने शुश्रूषा केली." कटमोरनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "ती उठली. आई गेली."

"मग लव्हिनियाची काळजी नको. हा ताप सहसा पुन्हा येत नाही. पण बाकीच्या मुलांसाठी झगा धोक्याचा आहे."

"जाळून टाका," कटमोर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण घोडा कान टवकारून मागे सरला. "जाळा तो झगा. आणि त्या बाईला कोर्टात उभी करा. माझ्या घरात मरण शिवून पाठवत होती ती. असा दंड लावा की तालुकाभर लक्षात राहील."

"तालुकाभर लक्षात राहील, यात वाद नाही," थर्टल म्हणाले. "काय लक्षात राहील ते सांगू? मोरी-डॉक्टर दारात आला की पोराला माडीवर दडवायचं, आणि तोंडात बोळा कोंबायचा म्हणजे पाणी मागणार नाही. मग मला ताप कधी कळणार? सुतार शवपेटीचं माप घ्यायला जाईल तेव्हा. कटमोरसाहेब, मला लोकांनी भ्यायला नकोय, मला लोकांनी बोलवायला हवंय. केझायाला दंड झाला तर माझं काम संपलं. मग नेमा दुसरा कुणीतरी."

"ते आमच्या हातात आहेच," कटमोर म्हणाले.

"आहे ना. म्हणून तर तुमच्या तोंडावर बोलतोय."

स्वयंपाकघराच्या दारात लव्हिनिया उभी होती. हात पिठाने भरलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. किती वेळ ती ऐकत होती कुणास ठाऊक.

"एफी कशी आहे?" तिने विचारलं.

"सावरतेय."

"मग झगा जाळायचा नाही," ती म्हणाली. "बाबा, आईच्या अंगावरची ती लेस तेवढीच राहिलीय आपल्याकडे. डॉक्टर, दुसरा उपायच नाही का काही?"

"आहे. कोरडी गरम हवा. झगा बंद जागेत टांगायचा आणि चांगला कडक तापवायचा, दिवसाचा बराच भाग. रेशीम जळणार नाही इतपतच, पण रोगाचं बी मरेल एवढं. त्यासाठी खास भट्टी मिळते. मी मंडळाकडे मागितली होती."

कटमोरनी घसा साफ केला. गरिबांच्या चिंध्या भाजायला लोकांच्या कराचा पैसा का घालायचा, असं भर सभेत त्यांनीच म्हटलं होतं, आणि सगळे हसले होते. आता कुणी हसलं नाही.

"पाववाल्याची भट्टी?" लव्हिनियाने विचारलं.

"फार तापते, आणि एका बाजूनेच. नोआ बुलिमोरची हवी. बियरसाठी मोड आलेले जव वाळवतात ती. मोठी खोली, जाळीदार फरशी, खाली मंद विस्तव. उन्हाळ्यात ती बंदच असते. मी इथून तिकडेच जाणार आहे."

"बुलिमोर?" कटमोर म्हणाले. "लग्नाच्या झग्यासाठी?" आणि ते घोड्याकडे वळले.

बुलिमोरने डॉक्टरांना खुर्ची दिली, समोर बियरचा मग ठेवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला.

"तुमच्यावर राग नाही, डॉक्टर. तुम्ही माझी विहीर बंद केलीत तेव्हा मी शिव्या दिल्या, पण माझ्या बायकोची पोटदुखी तेव्हापासून गेली. ते मी विसरलो नाही. पण हा झगा जोनासच्या पोरीचा. त्या जोनासने भर चॅपलमध्ये माझ्या भट्टीला सैतानाचं स्वयंपाकघर म्हटलंय. मी बाहेर रस्त्यावर होतो, खिडक्या उघड्या होत्या. आम्ही एका बाकावर शिकलेले. गुरुजींचा मार त्याच्या वाटणीचासुद्धा मी खाल्लाय. त्याला गरज असेल तर त्याने यावं. तुम्ही कशाला त्याची वकिली करता?"

"आला तर देशील?"

"आला तर बघू. येत नाही तो."

थर्टल परत गेले. कटमोरना त्यांनी बुलिमोरचा निरोप होता तसा सांगितला, सैतानाच्या स्वयंपाकघराचा उल्लेखही गाळला नाही. वर स्वतःचं एक वाक्यही घातलं नाही. ऐकून कटमोर आत गेले आणि रविवारची टोपी घालून बाहेर आले.

बुलिमोरच्या अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले तेव्हा थर्टल मुद्दाम मागे, गाडीपाशीच थांबले होते. पण बुलिमोरचा आवाज लहानपणापासूनच मोठा.

"ये, ये. वाट चुकलास का, जोनास?"

"नाही चुकलो."

"नाकाला रुमाल लाव. बियरचा वास येईल."

"नोआ, मी मागायला आलोय. मला बोलू दे."

कटमोरनी टोपी काढली. "मी तुझ्या भट्टीला जे म्हणालो, ते अजूनही मानतो," ते म्हणाले. "खोटं बोलून तुझ्याकडून काही नेणार नाही. दारू वाईटच. पण तू वाईट माणूस नाहीस. हे त्या दिवशी म्हणायचं राहिलं. ते म्हणायला हवं होतं."

बुलिमोरने मानेमागे खाजवलं. "हे असलं बोलायला तुला एवढी वर्षं लागली होय? लव्हिनियाचं लग्न आणि मला साधं बोलावणंसुद्धा नाही. तिच्या बारशाला तिच्या आईने तिला माझ्या हातात दिलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"मग? येऊ का मी लग्नाला?"

"पिऊन येणार नसशील तर ये."

"आणि नंतर?"

"नंतर तू आणि तुझा देव," कटमोर म्हणाले. बुलिमोर हसत हसत कोळशाच्या खोलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विस्तव पेटला. थर्टलनी केझायाच्या घरून झगा पत्र्याच्या पेटीत घालून स्वतः आणला. पेटी बाहेरून कार्बोलिकने पुसलेली होती, त्यामुळे सगळ्या रस्त्याला दवाखान्याचा वास सुटला. वर जाळीच्या फरशीवर दोरी बांधली होती. धुराचा डाग पडू नये म्हणून झगा स्वच्छ चादरीत सैलसर गुंडाळायचा होता.

"आणि जळला तर?" कटमोरनी विचारलं. ते घरी थांबायला तयार नव्हते.

थर्टलनी गळ्यातला रेशमी रुमाल सोडला. बायकोने वाढदिवसाला दिलेला होता. "आधी हा जाईल," ते म्हणाले आणि तो दोरीवर टांगून आले. शेजारी तापमापक लावला.

बुलिमोर खाली विस्तव सारखा करत होता आणि वर येऊन हाताने हवा चाचपत होता. थर्टल तापमापक बघत होते. एकाने कमी म्हणावं, दुसऱ्याने पुरे म्हणावं, असं थोडा वेळ चाललं, आणि मग दोघांचं जमलं. बऱ्याच वेळाने रुमाल उतरवला. कडक झाला होता, पण जळाला नव्हता. थर्टलनी तो चुरगाळून, ओढून बघितला, मग कटमोरांच्या हातात दिला. कटमोरनीही ओढून बघितला.

"टांगा," ते म्हणाले.

दिवस उतरेपर्यंत झगा भट्टीत होता. त्या वेळात दोघं म्हातारे मित्र पोत्यांवर शेजारी बसले होते. बुलिमोरने चहा करून आणला. भट्टीच्या मालकाला चहा करता येतो याचं कटमोरना नवल वाटलं, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. थर्टल त्यांना तिथेच सोडून लोहाराच्या पोरांना बघून आले. दोघंही पोरं अंथरुणात उठून बसली होती आणि जेवायला मागत होती. डॉक्टरांचं मन त्या दिवशी फारच प्रसन्न होतं.

झगा बाहेर आला तेव्हा त्याचा रंग बदललेला होता. पांढरा होता तो सायीच्या रंगावर गेला होता. जुन्या लेसचा रंग आधीपासून तसाच होता, त्यामुळे आता दोन्ही एकमेकांना जास्तच शोभत होते. लव्हिनियाने तो नाकाशी नेला आणि तिला हसू आवरेना.

"बाबा, याला बियरचा वास येतोय."

"जवाचा," बुलिमोर घाईघाईने म्हणाला. "नुसत्या जवाचा. जव देवानेच केलाय."



राहता राहिलं काठाचं काम. केझाया घराबाहेर येऊ शकत नव्हती आणि झगा आत जाऊ शकत नव्हता. लव्हिनियाने त्यावर उपाय काढला. शुक्रवारी सकाळी ती खुर्ची घेऊन केझायाच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सफरचंदाच्या झाडाखाली बसली, मांडीवर चादर पसरली आणि स्वतः सुई धरली. केझाया माडीच्या खिडकीत उभी राहिली.

"टाके लांब पडतायत!" केझाया वरून म्हणाली. "गव्हाची पोती शिवतेयस का?"

"जवळ घालतेय की."

"कुठे जवळ? इथून दिसतंय मला. उसव ते. पाच बोटं उसव. हं. आता कापड ओढू नकोस, सुई ओढ."

येणारे-जाणारे थांबायला लागले. पाववाल्याची बायको रस्त्याच्या कडेवरूनच आपलं म्हणणं सांगू लागली, तर केझायाने तिला वरूनच गप्प केलं. "तुझ्या नवऱ्याची शर्टं बघितलीत मी," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. एफीने उशीवर टेकून विचारलं, "आई, कशाला हसतायत?" केझायाने मागे वळून तिला सगळं सांगितलं. तोपर्यंत लव्हिनियाचं बोट टोचलं आणि पुन्हा वरून ओरडा झाला, रक्ताचा डाग रेशमावर पडला तर बघ म्हणून.

दुपारी थर्टल एफीला बघायला आले तेव्हा हे असं चाललेलं होतं. ते गाडीतून उतरले नाहीत लगेच. दारावर त्यांनी लावलेली पाटी होती, खाली फाटकापाशी दुधाचा हंडा, अंडी आणि पाव कुणीकुणी ठेवून गेलं होतं, आणि जे घर सगळे टाळतील अशी भीती केझायाला होती, त्याच घरासमोर, पण त्यांनी सांगितलं होतं तेवढ्या अंतरावर, अर्ध्या गावाच्या बायका जमल्या होत्या. त्यांनी अंतर नजरेने मोजलं. पुरेसं होतं.

शनिवारी लग्न झालं. चॅपलमध्ये ऊन शिरलं आणि माणसांची गर्दी झाली तसा झग्याचा वास सुटला, गोडसर, भाजक्या जवाचा, खाली कुठेतरी कार्बोलिकची झाक. दारू सोडण्याच्या शपथा घेतलेल्या कित्येक जणांनी डोळे मिटून श्वास आत ओढला. बुलिमोर शेवटच्या बाकावर बसला होता, न पिता आलेला, आणि वधू बापाच्या हाताला धरून त्याच्यासमोरून गेली तेव्हा त्याने नाक शिंकरल्यासारखं केलं. घोळ धरणाऱ्या दोन चिमुरड्या पुढेही ठणठणीत राहिल्या. थर्टलनी त्यांचे घसे काही आठवडे बघितले, तेव्हा त्यांना डॉक्टरांपेक्षा त्यांच्या घड्याळात जास्त रस होता.

केझायाला दंड झाला नाही. मंडळाच्या सभेत एका सभासदाने तो विषय काढला, तेव्हा कटमोर म्हणाले की त्या घरातून आलेल्या कपड्याची आपण स्वतः उभं राहून व्यवस्था लावली आहे, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूक आणखी एक वर्ष चालू ठेवण्याचा होता. ती चालू राहिली. थर्टलनी लगेच उठून नव्या भट्टीचा प्रस्ताव पुन्हा मांडला.

"कशाला?" कटमोर म्हणाले. "नोआ बुलिमोरची आहे की. उन्हाळाभर फुकट पडून असते."

"आणि हिवाळ्यात, कटमोरसाहेब? हिवाळ्यात तिच्यावर जव असतो."

"हिवाळ्यात बघू."

थर्टल खाली बसले. 'बघू' हा शब्द या सभागृहात आधी कधी ऐकू आला नव्हता. आजवर 'नको'च ऐकू आलं होतं. सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडायचं त्यांनी मनात पक्कं केलं, आणि तोपर्यंत बुलिमोरचा हिवाळ्यातला तोटा काय होतो तेही विचारून ठेवायचं.

जुलैत एका दुपारी ते ऑल्डरबीच्या पुढच्या गावाकडे चालले होते. शेतात गवत कापून पसरलेलं होतं. रस्त्याच्या वळणावर एक बाई उभी होती, डोईला रुमाल, कडेवर पोर नाही, हातात काही नाही. तिला त्यांनी पूर्वी एकदाच बघितलं होतं. तिच्या नवऱ्याने त्यांच्या गाडीमागे कुत्रा सोडला होता. गाडी जवळ आली तशी ती पुढे झाली आणि तिने घोड्याचा लगाम धरला.

"मोरी-डॉक्टर ना तुम्ही?" एवढं बोलून तिने जीभ चावली.

"तोच."

"आमच्या धाकट्याचा घसा दुखतोय. सकाळपासून. पुरळ नाही अजून." ती मागे वळून घराकडे बघून म्हणाली, "मालक शेतावर आहेत. कुत्रा बांधून ठेवलाय मी."

थर्टलनी पिशवी उचलली आणि गाडीतून खाली उडी मारली.